बट्टा: पैसा, खुर्ची, नीती आणि सुख यांच्या अदलाबदलीचा हिशोब

पैसा, सत्ता, नीती आणि सुख हे चार शब्द एका ओळीत आले की लेख हमखास ढगात जातो. त्यांना जमिनीवर ठेवायचं असेल तर दाराच्या फटीतून आत सरकवलेलं सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल हातात घ्यावं. मुंबईतल्या कुठल्याही ६० घरांच्या सोसायटीत हे चौघं एकाच जिन्यावरून ये-जा करतात. ज्या प्रश्नांवर अडीच हजार वर्षं विचारवंतांनी डोकं खाजवलं, ते इथे नोटीस बोर्डावर टाचणी मारून लावलेले असतात. फक्त त्यांना ‘विषय क्र. ४’ असलं काहीतरी नाव असतं.

पूर्वी एका मुलखाचं नाणं दुसऱ्या मुलखात चालवायचं तर सराफ ते बदलून द्यायचा आणि त्यात बट्टा कापायचा. नाण्याची झीज, धातूचा कस, सराफाची मेहनत, सगळं त्या बट्ट्यात. आपणही दिवसभर अशीच अदलाबदल करत असतो. पैसे देऊन सुख घेतो, खुर्चीवर बसून पैसा वळवतो, दंड लावून शिस्त आणायला बघतो, देणगीची पावती फाडून मन हलकं करतो. अदलाबदल होते, नाही असं नाही. पण दर वेळी बट्टा कापला जातो आणि तो कुठल्याही पावतीवर छापलेला नसतो.

एका बिलात किती न्याय?

बिलाच्या ओळी नीट वाचल्या तर त्या वेगवेगळ्या नियमांनी चालतात. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यावरचे दिवे, ऑफिसखर्च, हे घरटी सारखं. ४०० चौरस फुटांचं घर असो की ९०० चं. सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, मात्र घराच्या बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. म्हणजे मोठ्या घराला जास्त. पाणी नळजोडांच्या हिशोबाने. पार्किंग गाडीप्रमाणे. आणि लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा, तळमजल्यावाल्यांसकट.

या शेवटच्या ओळीवर दर सभेत कुणीतरी उठतंच. “आम्ही लिफ्टचं बटण कधी दाबलं नाही, पैसे कशाचे?” प्रश्न रास्त वाटतो. पण गच्ची गळते तेव्हा वॉटरप्रूफिंगचा खर्च सोसायटी करते, आणि तेव्हा चौथ्या मजल्यावरचा म्हणत नाही की पाणी माझ्या छतातून पडत नाही. तळमजल्याचा चेंबर तुंबला तर सातव्या मजल्यावरचाही त्यात भर घालतो. ज्याने वापरलं त्याने भरायचं, हा नियम प्रत्येक ओळीला लावला तर हिशोब ठेवण्याचा खर्च मूळ खर्चापेक्षा वर जाईल आणि शेवटी इमारत नावाची सामाईक वस्तू उरणारच नाही, ६० वेगवेगळे ग्राहक उरतील.

ॲरिस्टॉटलने समानतेचे दोन प्रकार सांगितले होते. एक मोजून सारखं वाटण्याची, दुसरी ज्याच्या त्याच्या वाट्याच्या प्रमाणात वाटण्याची. सोसायटीतली बहुतेक भांडणं न्याय विरुद्ध अन्याय अशी नसतातच. दोन्ही बाजू समानताच मागतात, फक्त एकाला पहिली हवी असते आणि दुसऱ्याला दुसरी. हे ओळखता आलं तरी आवाज निम्म्याने खाली येतो. कोणत्या ओळीला कोणता नियम आणि का, एवढाच प्रश्न उरतो.

मतदानाचा नियम याहून रोखठोक आहे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली एका सभासदाला एक मत. तीन बेडरूमवाल्याला तीन मतं नाहीत. तिकडे दलाल स्ट्रीटवर नोंदलेल्या कंपन्यांत हिशोब उलटा, साधारणपणे एका शेअरला एक मत. ज्याच्याकडे ५१ टक्के शेअर त्याची सभा. एकाच शहरात सत्तेची दोन अंकगणितं शेजारी शेजारी नांदतात, आणि तोच माणूस सकाळी एकात असतो, संध्याकाळी दुसऱ्यात. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच पेच मांडला होता: राजकारणात समान मत येईल, सामाजिक आणि आर्थिक आयुष्यात मात्र विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ तशीच ठेवली तर ती लोकशाहीलाच उडवून देईल. सोसायटीत ती विसंगती छोट्या आकारात दिसते. मत सारखं असलं तरी सभेला यायला लागणारा वेळ, वकिलाचा सल्ला घ्यायची ऐपत आणि मोठ्याने बोलायची सवय सारखी नसते.

वचन आणि भिशी

पैसा म्हणजे काय, यावर थोडक्यात. शंभराच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या सहीने धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन छापलेलं असतं. कागदाची किंमत त्या वचनात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री ५०० आणि १००० च्या जुन्या नोटांवरचं वचन मागे घेतलं गेलं आणि चलनातली मूल्याने सुमारे ८६ टक्के रक्कम व्यवहारातून बाद झाली. कागद तोच, शाई तीच.

वचनाचं सगळ्यात उघडं रूप मात्र नोटेत दिसत नाही, ते भिशीत दिसतं. बाराजणी, महिना २,००० रुपये, बारा महिने. दर महिन्याला एकीला २४,००० मिळतात. पहिल्या महिन्यात जिला मिळाले तिला २२,००० चं बिनव्याजी कर्ज मिळालं, आणि ते बाकीच्या अकराजणींनी दिलं. शेवटच्या नंबरवालीने वर्षभर बिनव्याजी बचत केली, म्हणजे महागाई धरली तर थोडं गमावलंच. तरी ती शेवटचा नंबर मागून घेते, कारण हातात पैसे राहिले की खर्च होतात हे तिला माहीत असतं. व्याज सोडून ती शिस्त विकत घेते. हा बट्टा तिने डोळे उघडे ठेवून दिलेला आहे.

भिशी बुडते ती बहुतेकदा एकाच जागी. दुसऱ्या महिन्यात उचल घेतलेली बाई पाचव्या हप्त्यानंतर भरणं थांबवते. सात हप्ते बाकी, १४,००० रुपये, आणि लिहून घेतलेलं काही नाही. म्हणून जाणत्या बायका तीन गोष्टी पाळतात. नवीन माणसाला शेवटच्या तीन नंबरांत टाकायचं. चालवणारीने पहिली उचल घ्यायची, पण बदल्यात कुणी बुडवलं तर ती भरून द्यायची. आणि एका घरातल्या दोघींना लागोपाठ नंबर द्यायचे नाहीत. बँकांचं जोखीम व्यवस्थापन याहून फार वेगळं नाही, फक्त त्याची भाषा जड असते.

खुर्ची कोण देतं

सत्ता म्हणजे दुसऱ्याला त्याच्या मनाविरुद्ध काही करायला लावणं, अशी सोपी व्याख्या आपल्या डोक्यात असते. ब्रिटिश अभ्यासक स्टीव्हन ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये सत्तेचे तीन थर मांडले, आणि ते समजायला वार्षिक सर्वसाधारण सभेसारखं ठिकाण नाही.

पहिला थर सगळ्यांना दिसतो: मतदान झालं, कोण जिंकलं. दुसरा थर अजेंड्याचा. जो विषय पत्रिकेवर आलाच नाही त्यावर हरण्याचाही प्रश्न येत नाही. पाच वर्षं कुणी ऑडिटरच्या शेऱ्यांवर चर्चा केली नाही, कारण त्या विषयाची वेळ येईस्तोवर नऊ वाजतात आणि खालून वडापावचा वास यायला लागतो. तिसरा थर सगळ्यात खोल. लोकांच्या इच्छाच अशा घडवायच्या की ठराव आणावाच लागू नये. ‘आपल्या बिल्डिंगचा क्लास’ हा शब्दप्रयोग वर्षभर व्हॉट्सॲपवर फिरला की घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी वेगळी लिफ्ट ठेवायला मतदान लागत नाही. तसं असायलाच हवं असं सगळ्यांना वाटू लागलेलं असतं.

दुसऱ्या थरात कोरमची गंमत आहे. आदर्श उपविधींनुसार गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला कमी तो आकडा. ६० घरांना २० पुरतात. वेळेवर २० जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि नोटिशीत तशी ओळ असेल तर अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते. या दुसऱ्या सभेला कोरमची अट नाही. मग नऊ माणसं बसलेली असली तर पाच मतांनी ठराव पास. रंगकामाचं लाखांचं कंत्राट ६० पैकी पाचजणांनी ठरवलं, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे. इथे कुणी सत्ता बळकावलेली नाही. घरी टीव्ही बघत बसलेल्या ५१ घरांनी ती देऊन टाकली. कमिटीला शिव्या घालणाऱ्यांत सर्वाधिक भरणा याच ५१ चा असतो.

खुर्चीतून पैसा कसा वळतो, याची यादी कौटिल्याने अर्थशास्त्रात करून ठेवली आहे, अपहाराचे चाळीस प्रकार. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसं खजिना हाताळणारा तो कधी खातो ते कळत नाही, असंही तो म्हणतो. त्याचा उपाय उपदेशाचा नव्हता. एका खात्यावर अनेक अधिकारी ठेवा आणि कुणालाही कायम ठेवू नका. माणूस चांगला आहे की वाईट, या चर्चेत तो वेळ घालवत नाही. रचना अशी हवी की चांगल्या माणसाचाही पाय घसरायला जागा राहू नये.

सोसायटीत हे असं उतरतं. चेकवर दोन सह्या असतात, पण दुसरी सही करणारे काका गावी जाताना दहा कोरे चेक सह्या करून ठेवून जातात. तिथे नियम जिवंत दिसतो, पण मेलेला असतो. तीन कोटेशनं घेतली असं इतिवृत्तात लिहिलेलं असतं. ती शेजारी ठेवून जीएसटी क्रमांक, पत्ता आणि मांडणी बघावी. तिन्हींत शुद्धलेखनाची तीच चूक सापडली तर तिन्ही एकाच टेबलावर बनली. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे काम पूर्ण झाल्यावरचं मोजमाप. प्लास्टरचं क्षेत्रफळ टेंडरमध्ये किती, बिलात किती. पैसा दर वाढवून क्वचितच जातो. तो चौरस फुटांत जातो, कारण दर सगळे विचारतात आणि टेप घेऊन भिंतीला कुणी लागत नाही.

दंड लावला की काय होतं

पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये सभासद आपली दुसरी गाडी लावतात. कमिटी दंड ठरवते: दिवसाला १०० रुपये. दोन महिन्यांनी गाड्या कमी व्हायच्या ऐवजी वाढलेल्या असतात, आणि सेक्रेटरींना कळत नाही की चुकलं कुठे.

याचं उत्तर इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या एका प्रयोगात आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. दहा पाळणाघरं, वीस आठवडे. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांत पाचव्या आठवड्यापासून दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड सुरू केला. उशिरा येणारे पालक घटले नाहीत, साधारण दुप्पट झाले. पुढे दंड काढून टाकला, तरी आकडा खाली आला नाही.

आधी उशीर झाला की पालकांना ओशाळल्यासारखं व्हायचं. बाई आपल्यासाठी थांबली आहे, याची लाज होती. दंड आल्यावर ती लाज संपली आणि तिच्या जागी दर आला. दहा शेकेल दिले, जादा वेळ विकत घेतला, हिशोब मिटला. दंड काढल्यावर दर गेला पण लाज परत आली नाही, म्हणजे जादा वेळ फुकट झाला. नीती पैशात बदलता येते, पैसा पुन्हा नीतीत बदलत नाही. हा बट्टा शंभर टक्के आहे.

सोसायटीच्या १०० रुपयांचंही तेच झालं. त्या भागात बाहेर पे-अँड-पार्कला याहून जास्त पडत असेल तर सोसायटीने दंडाच्या नावाखाली स्वस्त पार्किंग उघडलं. आधी लावणाऱ्याला शेजारी काय म्हणतील याची भीती होती, आता पावती आहे.

मग दंड लावूच नये का? लावावा, पण दोनपैकी एका बाजूला ठामपणे. एक तर इतका मोठा की तो दर वाटूच नये, आणि तोही सर्वसाधारण सभेने ठरवलेला, उपविधींत बसणारा. नाहीतर अजिबात नको. त्याऐवजी गाडीवर फ्लॅट क्रमांकासह साधी चिठ्ठी, आणि पाहुण्याला जागा न मिळालेल्या घरातल्याच माणसाने दार वाजवून सांगायचं. मधला दंड सगळ्यात वाईट. घरकामाच्या मावशींच्या सुट्टीचे पैसे कापण्याबाबतही हाच नियम चालतो. खाड्याचे १५० कापले की मुलीच्या तापाचं कारण सांगायची गरज संपते, आणि पुढच्या वेळी फोनही येत नाही. कापणाऱ्याला वाटतं त्याने शिस्त आणली. त्याने सुट्टीचा दर जाहीर केलेला असतो.

५१ टक्के आणि तळमजल्यावरचे आजोबा

रीडेव्हलपमेंट आलं की चारही विषय एकदम खोलीत शिरतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे विशेष सभेला दोन तृतीयांश सभासद हवेत आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के लोकांची संमती. ६० घरांत ३१. उरलेल्या २९ जणांना पटो न पटो, घर रिकामं करावं लागतं; मूठभर सभासदांनी प्रकल्प अडवून धरावा हे न्यायालयांनीही सहसा मान्य केलेलं नाही.

जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताचा निकष असा की जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख होईल तो निर्णय बरोबर. वरवर ५१ टक्क्यांचा नियम त्याच्या बाजूचा वाटतो. पण बेंथमला डोकी मोजायची नव्हती, सुखाची तीव्रता आणि किती काळ टिकतं तेही मोजायचं होतं. मतपेटीला तीव्रता कळत नाही. ३१ घरांना थोडा फायदा आणि एका घराला प्रचंड त्रास, तरी निकाल ३१ विरुद्ध १. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट दुसऱ्या टोकाला उभा आहे: माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. म्हणजे ८२ वर्षांच्या आजोबांची सही ही प्रकल्पाच्या वाटेतली अडचण म्हणून बघायची नाही.

आजोबांना ‘आडमुठे’ ठरवण्याआधी त्यांचा हिशोब करून बघावा. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत खरी आहे. जुनं घर कार्पेट ४०० चौरस फूट, मेंटेनन्स महिना २,५००. बिल्डर ४० टक्के जादा देतो, म्हणजे ५६०. नव्या टॉवरमध्ये लिफ्ट तीन, जिम, क्लब हाऊस, पोडियम, आग विझवण्याची यंत्रणा; मेंटेनन्स चौरस फुटाला १२ रुपये धरला तर ६,७२०. फरक ४,२२०. कॉर्पस, म्हणजे बिल्डर सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम, ५ लाख मिळाला आणि ७ टक्क्यांनी ठेवला तर महिन्याला साधारण २,९१५. म्हणजे पेन्शनमधून दर महिन्याला १,३०० रुपये काढायचे, कायमचे, आणि मेंटेनन्स वाढत जाणार, व्याज नाही.

यात एक छुपी पायरी आहे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ४०० चं ५६० झालं की ती रेषा ओलांडली गेली. म्हणून एकट्या ज्येष्ठ सभासदाने बिल्डरला विचारायला हवं ते हे: मला ४९५ द्या, उरलेल्या ६५ फुटांच्या बदल्यात कॉर्पस वाढवा. समजा १० लाख वाढले. आता १५ लाखांचं व्याज महिना ८,७५०, मेंटेनन्स ५,९४०. जुन्या घराशी तुलना केली तर दर महिन्याला ५,३०० हातात जास्त. हा पर्याय बहुतेक वेळा मांडलाच जात नाही, कारण सभेत सगळे ‘किती टक्के जादा’ याच एका आकड्यावर भांडतात. ल्यूक्सचा तिसरा थर तो हाच. जादा फूट म्हणजे जादा सुख, हे आधीच ठरून गेलेलं असतं. मुलाचं म्हणणं वेगळं असू शकतं, त्याला वारशात फूट हवे असतात. ते बोलणं घरात, सभेच्या आधी झालेलं बरं.

मूल्य पैशात मांडता येणार नाही असंही बरंच उरतं. तरी ते करारात मात्र मांडता येतं. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक एकदम हातात, ट्रान्झिटचं, म्हणजे बांधकाम चालू असतानाचं तात्पुरतं घर त्याच रस्त्यावर, नव्या इमारतीत खालचा मजला, आणि ते नाव-क्रमांकासह करारात लिहिलेलं. प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी सोसायटीच्या ताब्यात असावी, ती कागदावरच राहू नये. काम तीन वर्षांचं पाच वर्षांवर गेलं तर तरुण सभासदाची दोन वर्षं जातात. आजोबांच्या उरलेल्या वर्षांतलं किती जातं, ते बेंथमच्या पद्धतीने मोजून बघा, म्हणजे मतांच्या आकड्यात काय बसत नाही ते कळेल.

पगार किती, तासाला?

पैशाने सुख मिळतं का, यावर जुनं उत्तर ‘एका मर्यादेपर्यंत’. डॅनियल कानेमान आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून दाखवलं की रोजचा मूड वर्षाला ७५ हजार डॉलरच्या आसपास सुधारायचा थांबतो. आयुष्याला आपण देतो ते मार्क मात्र उत्पन्नाबरोबर वाढतच राहतात. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांना मूडही थांबताना दिसला नाही. मग २०२३ मध्ये किलिंग्सवर्थ, कानेमान आणि बार्बरा मेलर्स यांनी मिळून आकडे पुन्हा तपासले. ज्यांचा मूड मुळातच सगळ्यात खालचा, साधारण पाचातला एक, त्यांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर पैशाचा उपयोग संपतो. बाकीच्यांचं वाढत राहतं. ज्याचं दुःख पैशाचं नाही त्याला पैसा एवढंच करू शकतो. दोन विरोधकांनी एकत्र बसून चूक शोधली, हीही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

या सगळ्यातला कामाचा भाग म्हणजे पायरी दुपटीची असते. २० हजारांवरून ४० वर जाणं आणि २ लाखांवरून ४ लाखांवर जाणं, सुखाच्या मोजपट्टीवर साधारण सारखी उडी. १०,००० रुपयांनी कुणाचं आयुष्य किती हलतं, ते त्याच्या खिशात आधी किती आहेत यावर.

मुंबईत याला एक उपकलम जोडावं लागतं, लोकलचं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. विरारच्या माणसाचा पगार महिन्यावर मोजला तर फसगत होते, म्हणून तासावर मोजावा. पगार ४५,०००, २६ दिवस, ऑफिस ९ तास, दारापासून दारापर्यंत प्रवास साडेतीन तास. महिन्याला ३२५ तास. पास, रिक्षा, बाहेरचं खाणं असे ४,००० वजा केले तर ४१,००० भागिले ३२५, तासाला १२६ रुपये. आता ५४,००० ची ऑफर आली. ऑफिस १० तास, प्रवास साडेचार तास, वरखर्च ६,०००. तास झाले ३७७, हातात ४८,०००, तासाला १२७. पगार ९,००० ने वाढला, आयुष्य तासाला एका रुपयाने. नव्या नोकरीत शिकायला मिळणार असेल, पुढची पायरी दिसत असेल, तर जावंच. पण पगारवाढ म्हणून जाऊ नये, कारण ती वाढ नाही, ५२ जादा तासांची मजुरी आहे.

पैसा कशावर खर्च केला तर बट्टा कमी लागतो, याचं एक उत्तर १९९८ च्या सॉलनिक आणि हेमेनवे यांच्या पाहणीत मिळतं. तुम्हाला ५० हजार डॉलर आणि इतरांना २५, की तुम्हाला १ लाख आणि इतरांना २ लाख? जवळपास निम्म्या लोकांनी पहिलं निवडलं. कमी मिळालं तरी चालेल, पण शेजाऱ्यापेक्षा जास्त हवं. तोच प्रश्न सुट्टीच्या आठवड्यांबद्दल विचारला तर बहुतेकांनी सरळ जास्त सुट्टी निवडली, मग इतरांना कितीही मिळो. समुद्र दिसणारी खिडकी, गाडीचं मॉडेल, शाळेचं नाव यांतलं सुख शेजाऱ्याने बरोबरी केली की उडतं. पुरेशी झोप, दुखणारा गुडघा बरा होणं, स्टेशनपासून दहा मिनिटांवरचं घर यांचं तसं होत नाही. शेजारीही झोपला म्हणून आपली झोप कमी होत नाही.

बिलाची शेवटची ओळ

पुन्हा बिलाकडे. ‘सुरक्षा’ या ओळीत एक आकडा असतो आणि त्यावर सहसा कुणी बोलत नाही. गेटवर चोवीस तास, सात दिवस माणूस हवा म्हणजे आठवड्याला १६८ तास. दोन वॉचमन बारा-बारा तास उभे असतात आणि आठवड्याची सुट्टी नसते, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला ८४ तास येतात. आठवड्याला ४८ तास धरले तर दोन माणसं पुरत नाहीत, साडेतीन लागतात. चौथा अर्धा म्हणजे रिलिव्हर, इतरांच्या सुट्टीत उभा राहणारा. एका माणसामागे १८,००० धरले आणि तास कमी झाले म्हणून पगार कापला नाही, तर खर्च ३६,००० वरून ६३,००० वर जातो. फरक २७,०००, ६० घरांत घरटी महिना ४५० रुपये.

वॉचमन सभासद नाही, त्याला मत नाही, त्यामुळे हा विषय आपोआप पत्रिकेवर येत नाही. तो कुणाला तरी आणावा लागतो. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी निघते, म्हणून सेक्रेटरींना अर्ज त्याच्याही आधी, लेखी, पोच घेऊन द्यावा. ‘ऐनवेळचे विषय’ यात टाकला तर ‘पुढच्या वेळी बघू’ हे उत्तर ठरलेलं. अर्जात ८४ तास हा आकडा पहिल्या ओळीत लिहावा आणि ४५० रुपये दुसऱ्या. उलट क्रमाने लिहिलं तर सभेत चर्चा फक्त ४५० ची होते.